आयएस-आयएस : सर्वांत जवळच्या फाटकाचा नियम

मोठ्या जाळ्यातील प्रत्येक राउटरने सर्व ठिकाणांचे मार्ग स्मरणात ठेवावेत, ही अपेक्षा अव्यवहार्य ठरते. म्हणूनच आयएस-आयएस या लिंक-स्टेट पद्धतीत जाळ्याची क्षेत्रांत विभागणी करून दोन स्तर मानले जातात. पहिल्या स्तरावरील राउटरला केवळ स्वतःच्या क्षेत्राचा नकाशा ठाऊक असतो. क्षेत्रांना जोडणारा कणा दुसऱ्या स्तरावरील राउटर सांभाळतात. ही पद्धत मूळची डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या डेकनेटमधली. आयपी पत्त्यांसाठी ती वापरण्याची रीत १९९० मधील आरएफसी ११९५ या दस्तऐवजाने घालून दिली.

क्षेत्राबाहेरच्या पत्त्याचे काय? दोन्ही स्तरांत वावरणारा राउटर इतर क्षेत्रांपर्यंत पोहोचू शकत असेल, तर तो पहिल्या स्तरावरील आपल्या संदेशात ‘अटॅच्ड’ नावाचा एक बिट चालू करतो. तो डिफॉल्ट मार्ग जाहीर करीत नाही, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. बिट पाहून क्षेत्रातील राउटर स्वतःच, अशा राउटरांपैकी सर्वांत जवळच्याकडे नेणारा ०.०.०.०/० हा मार्ग आपल्या कोष्टकात नोंदवतो.

अडचण ‘जवळच्या’ या शब्दात आहे. समजा, एका राउटरपासून ‘अ’ हे फाटक १० एकक आणि ‘ब’ हे २० एकक दूर आहे. पुढे इच्छित स्थळ ‘अ’पासून १००, तर ‘ब’पासून अवघे १० एकक आहे. एकूण खर्च ११० विरुद्ध ३०. तरीही निवड ‘अ’ची होते. फाटकापलीकडचा खर्च त्या एका बिटात मावतच नाही.

याहून गंभीर प्रसंगही उद्भवतो. कणा दूरवर तुटला, पण फाटकाला शेजारचे एखादे क्षेत्र दिसत राहिले, तर बिट चालूच राहतो. मग तुटलेल्या भागाकडील पॅकेट्स त्या फाटकापर्यंत जाऊन नाहीशी होतात. दुसरे फाटक सुस्थितीत असले, तरी त्याचा उपयोग होत नाही.

यावरील उपाय २००० मधील आरएफसी २९६६ मध्ये आला. निवडक मार्ग दुसऱ्या स्तरातून पहिल्या स्तरात उतरवता येतात. नेमक्या पत्त्याचा मार्ग डिफॉल्टवर नेहमीच मात करतो. उतरवलेला मार्ग पुन्हा वर जाऊन चक्र निर्माण होऊ नये, यासाठी ‘अप-डाउन’ हा वेगळा बिट ठेवलेला आहे. २००८ मध्ये आरएफसी ५३०२ ने त्या दस्तऐवजाची जागा घेतली. अर्थात, सारेच मार्ग उतरवले तर क्षेत्रे पाडण्याचे प्रयोजनच उरत नाही. अनेक सेवापुरवठादार तर क्षेत्रांच्या भानगडीत न पडता संपूर्ण जाळे दुसऱ्या स्तरावरच चालवतात.