इन्व्हेजन स्ट्राइप्स

इन्व्हेजन स्ट्राइप्स (आक्रमण पट्टे) हे दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या विमानांच्या पंखांवर व धडावर रंगवलेले काळे-पांढरे पट्टे होत. स्वपक्षाच्या तोफांनी स्वपक्षाचीच विमाने पाडू नयेत, हा त्यांचा उद्देश होता.

११ जुलै १९४३ च्या रात्री सिसिलीत हा धोका प्रत्यक्षात आला. अमेरिकी छत्रीधारी सैनिकांना नेणाऱ्या १४४ विमानांवर दोस्तांच्याच जहाजांनी व जमिनीवरील तोफांनी मारा केला आणि २३ विमाने पाडली गेली. नॉर्मंडीच्या स्वारीत हजारो विमाने उडणार असल्याने रेडिओवर आधारित ओळखयंत्रणा अपुरी पडण्याची भीती होती. म्हणून एअर चीफ मार्शल ट्रॅफर्ड ली-मॅलरी यांनी मे १९४४ मध्ये ही योजना मंजूर केली.

तीन पांढरे व दोन काळे असे पाच पट्टे असत. एकइंजिनी विमानावर प्रत्येक पट्टा १८ इंच, तर दुइंजिनी विमानावर २४ इंच रुंद असे. चार इंजिनांची बॉम्बफेकी विमाने वगळण्यात आली, कारण जर्मनीकडे तशी विमाने फारच थोडी होती. गुप्ततेसाठी रंगकामाचे आदेश ३ व ४ जूनलाच निघाले. जमिनीवरील कर्मचाऱ्यांनी घाईघाईने, बहुधा कडा न आखताच पट्टे ओढले. संग्रहालयांतील विमानांवर दिसणारा रेखीवपणा त्यामुळे मूळ पट्ट्यांत क्वचितच होता.

लढाऊ विमानांचा रंग एरवी त्यांना लपवण्यासाठी असतो; हे पट्टे नेमके उलट काम करीत. फ्रान्समधील धावपट्ट्यांवर उभी विमाने शत्रूला वरून सहज दिसू लागल्याने महिनाभरातच वरच्या बाजूचे पट्टे पुसण्याचा आदेश निघाला. १९४४ अखेर ते पूर्णपणे वगळले गेले. १९५६ च्या सुवेझ मोहिमेत ब्रिटिश व फ्रेंच विमानांवर असेच पट्टे पुन्हा आले, मात्र पिवळे-काळे.