भाड्याची नौका आणि अनामत रक्कम

गेल्या उन्हाळ्यांत माझ्या पुतण्यानें चार मित्रांसह ग्रीस देशाच्या बेटांमधून आठ दिवस फिरण्यासाठीं एक शिडाची नौका भाड्यानें घेतली. बरोबर मालकाचा खलाशी नव्हता. नौका चालविण्याचा परवाना पुतण्यापाशींच होता. भाडें आगाऊ दिलेलें होतें, आणि त्याखेरीज दोन हजार युरो मालकाकडे अनामत ठेविले होते. नौका परत करण्याच्या दिवशीं मालकाच्या पाणबुड्यानें बुडी मारली व तळाच्या कण्यावर एक ओरखडा असल्याचें वर येऊन सांगितलें. झालें! अनामत अडकली. पुतण्या म्हणतो, आमची नौका कोठेंही खडकाला लागली नाहीं. मालक म्हणतो, ओरखडा तर समोर आहे. दोघेही खरें बोलत असणें अगदीं शक्य आहे. कारण नौका ताब्यांत घेतांना पाण्याखालीं कोणीच पाहिलें नव्हतें.

त्याचें तक्रारीचें पत्र वाचतांना मला हसूं आलें, तें त्याच्या दुःखाला नव्हे. हा तंटा निदान पावणेचार हजार वर्षांचा जुना आहे, हें त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतें.

बाबिलोनचा राजा हम्मुराबी हा ख्रिस्तपूर्व अठराव्या शतकांतला. त्याचे कायदे कोरलेला काळा पाषाणस्तंभ १९०१-०२ सालीं इराणांतील सूसा येथें सांपडला व आज तो पॅरिस येथील लूव्र संग्रहालयांत आहे. नद्या व कालवे यांवर ज्या देशाचा व्यापार चाले, तेथें भाड्याच्या होड्यांचे तंटे राजापर्यंत जावेत, हें स्वाभाविकच होतें. या स्तंभावर नौकेसंबंधीं कलमांची एक ओळच आहे. नौका सांधणाऱ्या कारागिराचें काम त्याच वर्षांत उघडें पडून नौका गळूं लागली, तर त्यानें ती स्वखर्चानें पुन्हां बांधून द्यावी. भाड्यानें घेतलेली नौका नावाड्याच्या हयगयीनें बुडाली, तर त्यानें मालकाला नौकेबद्दल नौका द्यावी. बुडविलेली नौका त्यानेंच पुन्हां वर काढली, तर निम्मी किंमत चांदीच्या रूपानें द्यावी. भाड्याचा दरही ठरलेला आहे: साठ गुर मापाच्या नौकेला दिवसाचा एक षष्ठांश शेकेल. पुराव्याचा प्रश्न भाड्याच्या बैलाच्या कलमांत सुटलेला दिसतो. देवाच्या कोपानें बैल मेला, तर भाडेकऱ्यानें देवाची शपथ घ्यावी व मोकळें व्हावें.

शपथेनें सुटणारा हा काळ आपल्याला भाबडा वाटतो. परंतु एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. या कलमांत नुकसानीपोटीं आगाऊ ठेवलेल्या पैशाचा मागमूस नाहीं. नुकसान झालें असें ज्याला वाटे, त्यानें उठून दाद मागावयाची. तोंपर्यंत पैसा ज्याचा त्याच्याजवळ.

आपल्याकडील ग्रंथकारांची दृष्टि याहून फार वेगळी नाहीं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत नदीवरील उताराचे दर देशकालाप्रमाणें असावेत असें सांगून, समुद्राला मात्र तसा नियम नाहीं, असें स्पष्ट म्हटलें आहे. नावाड्यांच्या अपराधानें जें नुकसान होईल, तें सर्व नावाड्यांनीं आपापल्या वांट्याप्रमाणें भरून द्यावें. दैवी आपत्तीनें झालेल्या हानीला दंड नाहीं. कौटिल्य याच्या पुढें एक पाऊल गेला आहे. राजाच्या नौका घेऊन शंख-मोतीं काढणाऱ्यांनीं भाडें द्यावें, हें तो सांगतोच; पण पुरेशीं माणसें व साधनें नसलेली, किंवा डागडुजी न केलेली नौका बुडाली, तर नुकसान नावध्यक्षानें भरावें, असाही त्याचा दंडक आहे. नौका कोणाच्या हातांत होती एवढेंच न पाहतां, ती कोणत्या स्थितींत पाण्यांत लोटली गेली, हें तो विचारतो. ग्रीसमधील त्या मालकाला हा श्लोक नसलेला अधिकारी मुळींच आवडला नसता.

युरोपांत जहाज भाड्यानें देण्याच्या कराराला ‘चार्टर-पार्टी’ म्हणतात. हें नांव ‘फाडलेला कागद’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून आलें. एकाच पानावर करार दोनदां लिहून पान मधून कापावयाचें व एकेक अर्ध दोघांनीं ठेवावयाचें; तंटा पडला कीं कडा जुळवून पाहावयाच्या. खोट्या कागदावर हा तोडगा नामी होता. पण त्या कडा जुळल्यानें जहाजाचा तळ कसा होता हें कळत नसे. ‘यॉट’ हा शब्द मात्र डचांचा. १६६० सालीं दुसऱ्या चार्ल्स राजाला डचांनीं ‘मेरी’ नांवाची अशी नौका नजर केली व इंग्रज सरदारांना तो नाद लागला. ती नौका पुढें १६७५ सालीं वेल्सच्या किनाऱ्याजवळ खडकावर आपटून बुडाली. भेटीची वस्तु असल्यामुळें अनामतीचा प्रश्न उद्भवला नाहीं!

आजचा आपला कायदा ज्या वाटेनें आला, त्या वाटेवर आपल्या ओळखीचा एक गृहस्थ उभा आहे. पुढें कलकत्त्यास येऊन १७८४ मध्यें एशियाटिक सोसायटी स्थापणारे व मनुस्मृतीचें इंग्रजी भाषांतर करणारे सर विल्यम जोन्स यांनीं, हिंदुस्थानांत पाय ठेवण्यापूर्वीं, १७८१ सालीं, दुसऱ्याच्या ताब्यांत दिलेल्या वस्तूंच्या कायद्यावर एक निबंध लिहिला होता. १७०३ सालच्या एका गाजलेल्या निकालांत न्यायमूर्ति होल्ट यांनीं भाडेकऱ्यावर पराकाष्ठेच्या काळजीचें ओझें ठेविलें होतें. जोन्सनीं तें उतरविलें: सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेतो, तेवढी पुरे. १८७२ च्या आपल्या करार-कायद्याच्या १५१ व्या कलमांत हेंच माप आहे. त्याच्या आधींच्या कलमांत तर भाड्यानें दिलेल्या वस्तूंतील दोषानें होणाऱ्या हानीला मालक जबाबदार धरला आहे. तो दोष त्याला माहीत असो वा नसो. कौटिल्याचा नावध्यक्ष येथें पुन्हां भेटतो.

मग इतकीं शतकें घासून गुळगुळीत झालेला न्याय माझ्या पुतण्याच्या उपयोगीं कां पडला नाहीं? माझ्या मतें त्याचें कारण अनामत हेंच आहे. काचतंतूच्या नौका विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सांच्यांतून निघूं लागल्या, तेव्हां दर आठवड्याला नव्या परक्या माणसाच्या हातीं नौका देण्याचा धंदा फोफावला. मालकाची अडचण खोटी नाहीं. भाडेकरी शनिवारीं विमानांत बसला कीं त्याला कोठें शोधावें? विमा असतो, पण नुकसानीचा पहिला हिस्सा विमाकंपनी मालकावरच टाकते, व बहुधा तेवढीच रक्कम अनामत म्हणून मागितली जाते. हें सर्व रास्त आहे. परंतु त्यानें तंट्याचें तोंड फिरलें. पूर्वीं फिर्यादी व्हावें लागे मालकाला. आतां तें भाडेकऱ्यावर आलें. ज्याच्या तिजोरींत पैसा, त्याचाच पाणबुड्या, तोच वादी आणि तोच न्यायाधीश. दोन हजार युरोंसाठीं परक्या देशांतल्या, परक्या भाषेच्या कोर्टांत कोण उभा राहणार?

घरभाड्याच्या अनामतीविषयीं इंग्लंडांत हीच ओरड होती. तेथें २००४ च्या कायद्यानें, २००७ पासून, सामान्य निवासी भाडेकऱ्याची अनामत मान्यताप्राप्त योजनेच्या संरक्षणाखालीं ठेवणें घरमालकांना भाग पडलें. तंटा झाल्यास निवाडा तटस्थ माणसानें करावा, अशीही सोय झाली. नौकेवर रात्र काढणाऱ्याला मात्र त्या कायद्याचें छप्पर नाहीं.

पुतण्यानें नौकेच्या खोल्यांचीं, शिडांचीं, अगदीं चहाच्या किटलीचींही छायाचित्रें घेतलीं होतीं. तळाचें एकही नव्हतें. पांच महिने पत्रव्यवहार झाल्यावर मालकानें निम्मी रक्कम परत केली. हम्मुराबीचें प्रमाण त्याला कोणी सांगितलें, न कळे. यंदा मंडळी पुन्हां निघाली आहे. नौका ताब्यांत घेण्यापूर्वींच आमच्या देखत पाणबुड्या उतरवा, त्याचा खर्च आम्ही देतों, असें पुतण्यानें यावेळच्या मालकाला आधींच लिहून पाठविलें आहे. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.