जड सायकलीचा इतिहास: भंडाऱ्याच्या रस्त्यावरून

१/ काळा रंग, २८ इंची चाके, सळ्यांनी ओढले जाणारे ब्रेक, मागे रुंद कॅरियर. ही सायकल भंडारा जिल्ह्यात आजही दिसते. वजन साधारण २० ते २२ किलो. १२ किलोंच्या सायकली उपलब्ध असताना ही टिकली कशी? #धागा

२/ मूळ आराखडा ब्रिटिश. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली यांनी साखळीने मागचे चाक फिरवणारी ‘रोव्हर’ आणली. १८८८ साली जॉन डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. पुढे याच वाटेने पोलादी ‘रोडस्टर’ घडली आणि वसाहतींत पोहोचली.

३/ स्वातंत्र्यानंतर सोनीपतच्या ॲटलसने (१९५१) आणि लुधियानाच्या हीरोने (१९५६) तोच साचा पुढे चालवला. इंग्लंडमध्ये १९३५ पासून ‘रेनॉल्ड्स ५३१’ या मिश्रपोलादाच्या हलक्या नळ्या होत्या. पण त्या महाग. साधे जाड पोलाद स्वस्त, आणि गावातला मिस्त्रीही ते सांधू शके.

४/ आता थोडे गणित. ६० किलोंचा माणूस २२ किलोंच्या सायकलीवर बसला की एकूण ८२ किलो. १२ किलोंच्या सायकलीवर ७२. सायकल जवळजवळ दुप्पट जड, पण ओढायचे ओझे सुमारे १४ टक्क्यांनीच अधिक.

५/ सपाट रस्त्यावर वेग घेतल्यावर मुख्य अडथळा हवेचा असतो, आणि त्याचा वजनाशी संबंध नाही. वजन जाणवते ते निघताना, चढावर आणि सायकल उचलताना. म्हणून सिग्नलागणिक थांबणाऱ्या महानगरात जड सायकल अधिक दमवते.

६/ भंडाऱ्याची गोष्ट निराळी. उत्तरेकडचा अंबागडचा डोंगराळ पट्टा सोडला, तर वैनगंगेच्या खोऱ्यातील बराच भाग सपाट, धानाचा. शहरापासून वरठीचे ‘भंडारा रोड’ स्थानक सुमारे १० किलोमीटर. अशा सलग वाटेवर जडपणाचा भुर्दंड कमी.

७/ त्यात कॅरियरवर ४० किलोंचा धानाचा कट्टा ठेवला, तर दोन सायकलींतला फरक ९ टक्क्यांवर येतो. शिवाय हे ओझे रोज सोसण्याचे बळ त्या जाड नळ्यांतच होते. वाहणाऱ्याच्या दृष्टीने जडपणा ही उपयुक्त गोष्ट होती.

८/ मात्र हे सारे गणित प्रौढ पुरुषाचे आहे. ४० किलोंच्या मुलीला २० किलोंची सायकल म्हणजे स्वतःच्या निम्मे वजन. लेडीज सायकलीत वरची आडवी नळी नसते. त्यामुळे तितकीच मजबुती हवी असेल, तर उरलेल्या नळ्या अधिक भक्कम कराव्या लागतात.

९/ राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील शाळकरी मुलींना सायकली मिळतात. शाळेचे अंतर त्यामुळे आवाक्यात येते. पण पावसाळ्यात चिखलात चाक रुतले किंवा वाटेत पंक्चर झाले, की प्रत्येक किलो तिलाच ढकलावा लागतो.

१०/ मुलांनी तर मोठ्यांच्या सायकली आडव्या नळीखालून पाय घालून, ‘कैची’ मारत चालवल्या. कारखान्यांची सनावळी आपल्याला सापडते. चालवणाऱ्यांच्या अंगमेहनतीची नोंद फारशी सापडत नाही.

११/ तेव्हा घरात जुनी सायकल असेल, तर ती धान्याच्या काट्यावर ठेवून वजन लिहून ठेवा. तिच्यावरून कोण, काय, कुठवर नेत असे, आणि घरातल्या बायकांना ती कधी चालवायला मिळाली, हे आजी-आजोबांना विचारा. या इतिहासाचा मोठा भाग अजून केवळ त्यांच्या आठवणीत आहे.