व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी : उद्रेक, विस्मरण आणि पुनर्वसाहत

प्रस्तावना

ज्वालामुखीचा इतिहास बहुधा उद्रेकांच्या सनावळीतून सांगितला जातो. इटलीतील नेपल्सच्या उपसागराकाठी उभ्या असलेल्या व्हेसुव्हियसच्या बाबतीत तर इ.स. ७९ हे एकच साल सर्वांच्या तोंडी असते. तथापि दोन मोठ्या उद्रेकांमधील दीर्घ शांततेत या डोंगराच्या पायथ्याशी माणसे कशी राहिली, त्यांनी काय लक्षात ठेवले आणि काय विसरले, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास अधिक विचारप्रवृत्त करणारा आहे. प्रस्तुत लेखात व्हेसुव्हियसच्या प्रभावाचा विचार मुख्यतः या दृष्टीने केला आहे.

द्राक्षमळ्यांचा डोंगर

इ.स.पू. ७३ मध्ये बंड करून उठलेल्या स्पार्टाकसने आपल्या गुलाम साथीदारांसह याच डोंगराचा आश्रय घेतला. रोमन सैन्याने वाट अडविली तेव्हा रानद्राक्षांच्या वेलींच्या शिड्या विणून हे लोक कड्यावरून उतरले, असे प्लूटार्क सांगतो. म्हणजे त्या काळी डोंगरमाथ्यापर्यंत वेली माजल्या होत्या. पुढे भूगोलकार स्ट्रॅबोने माथ्यावरील राखेच्या रंगाचे, जळाल्यासारखे खडक पाहून येथे पूर्वी अग्नी असावा व इंधन संपल्याने तो विझला असावा, असे अनुमान काढले. भोवतालच्या जमिनीची सुपीकता कदाचित यामुळेच असेल, असेही त्याने नोंदविले. त्याचे पहिले अनुमान अर्धे खरे ठरले, दुसरे पूर्णपणे.

पाँपेईतील एका घराच्या देवघरातून मिळालेले भित्तिचित्र या संदर्भात बोलके आहे. त्यात पायथ्यापासून वेलींनी झाकलेला डोंगर असून शेजारी द्राक्षांच्या घोसांनी अंग झाकलेला मद्यदेव बाकस उभा आहे. हा डोंगर व्हेसुव्हियसच असावा, असे सामान्यतः मानले जाते. चित्र काढवून घेणाऱ्याच्या मनात तो आग ओकणारा नव्हता, पीक देणारा होता. इ.स. ६२ च्या सुमारास या भागात मोठा भूकंप झाला. त्या वेळी सहाशे मेंढ्यांचा कळप दगावल्याची नोंद सेनेकाने केली आहे. परंतु या घटनेचा संबंध त्याने डोंगराशी जोडला नाही. नगरवासीयांनी पडलेल्या इमारतींची डागडुजी आरंभिली आणि ती पूर्ण होण्याआधीच उद्रेक झाला.

राखेखालील दैनंदिन जीवन

इ.स. ७९ च्या उद्रेकाचे प्रत्यक्षदर्शी वर्णन धाकट्या प्लिनीने इतिहासकार टॅसिटसला लिहिलेल्या दोन पत्रांत आहे. त्याचा मामा थोरला प्लिनी हा मिसेनम येथील आरमाराचा प्रमुख. मदतीसाठी जहाजे घेऊन गेला असता स्टॅबिए येथे तो मरण पावला. उद्रेकाची तारीख परंपरेने २४ ऑगस्ट मानली जात असे. मात्र २०१८ मध्ये पाँपेईतील एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली १७ ऑक्टोबर या अर्थाची नोंद सापडल्यानंतर ही घटना शरद ऋतूत घडली असावी, या मताला बळ मिळाले आहे.

हर्क्युलेनियमचे पद्धतशीर उत्खनन १७३८ मध्ये व पाँपेईचे १७४८ मध्ये सुरू झाले. आरंभीची दृष्टी राजसंग्रहासाठी पुतळे व चित्रे मिळविण्याचीच होती. १८६३ मध्ये ज्युसेप्पे फिओरेली याने राखेतील पोकळ्यांत प्लास्टर ओतून मृतदेहांचे ठसे घेण्याची पद्धत रूढ केली आणि सामान्य माणूस इतिहासाच्या केंद्रस्थानी आला. रोमन साहित्यात सम्राट व सेनापती भेटतात. येथे मात्र काळवंडलेली पावाची लादी, भट्टीजवळची ज्वालामुखी खडकाची जाती, रस्त्यावरची खाणावळ आणि भिंतींवर रंगविलेल्या दोन हजारांहून अधिक निवडणूक-घोषणा भेटतात. अमक्यास निवडून द्या असे सांगणाऱ्या या भिंती पाहिल्या की दोन सहस्रकांचे अंतर बरेच कमी वाटू लागते. हर्क्युलेनियममधील एका प्रासादात सापडलेल्या जळक्या पपायरस गुंडाळ्या उलगडताना मोडून पडत. २०२३ पासून क्ष-किरण प्रतिमा व संगणकाच्या साहाय्याने त्या न उलगडता त्यांतील मजकूर वाचण्यास यश येऊ लागले आहे.

मराठी वाचकास विशेष जवळचा वाटावा असा एक पुरावाही याच राखेत जपला गेला. १९३८ मध्ये पाँपेईतील एका घरात सुमारे २५ सेंटीमीटर उंचीची हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. प्रथम तिला लक्ष्मी म्हटले गेले; आज अनेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. तिच्याशी निकटचे साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती मराठवाड्यातील तेर व भोकरदन या सातवाहनकालीन नगरांतून उपलब्ध झाल्या आहेत. पाँपेईची मूर्ती नेमक्या कोणत्या कारागिरांची, याविषयी मतभेद असले तरी ती इ.स. ७९ पूर्वीची आहे, हे निर्विवाद होय. भारत-रोम व्यापाराच्या अभ्यासाला इतकी पक्की कालमर्यादा क्वचितच लाभते, आणि येथे ती एका ज्वालामुखीने घालून दिली आहे.

पोर्तिचीचा शिलालेख

१६३१ पूर्वी सुमारे पाच शतके मोठा उद्रेक झाला नव्हता. विवरात झाडी वाढली होती व गुरे चरत होती. १६ डिसेंबर १६३१ रोजी डोंगर पुन्हा फुटला आणि काही हजार माणसे मृत्युमुखी पडली. नेपल्समध्ये नगराचे रक्षक संत सान जेन्नारो यांच्या अवशेषांची मिरवणूक काढण्यात आली. शहर वाचले ते संताच्या कृपेने, अशी श्रद्धा दृढ झाली. १६ डिसेंबर हा दिवस आजही तेथे संताच्या स्मरणात पाळला जातो.

स्पॅनिश राजप्रतिनिधीने मात्र निराळ्या स्मरणाची योजना केली. पोर्तिची येथे रस्त्यालगत लॅटिन शिलालेख उभारून त्याने भावी पिढ्यांना बजावले, की हा डोंगर आज ना उद्या पेटेल. पेटण्याआधी तो इशारा देईल. तेव्हा घरादाराचा मोह न धरता पळ काढावा. आपत्तीविषयी शासनाने थेट वंशजांना उद्देशून लिहिलेला असा लेख विरळाच. परंतु सुमारे शंभर वर्षांनी बूर्बाँ राजा चार्ल्सने त्याच पोर्तिचीत राजवाडा बांधविला आणि उमरावांचे वाडे त्यामागोमाग आले. हर्क्युलेनियममधून निघालेल्या वस्तू प्रथम ठेवल्या गेल्या त्याही याच राजवाड्यात!

यानंतरचा काळ शास्त्राचा व पर्यटनाचा. ब्रिटिश राजदूत विल्यम हॅमिल्टनची निरीक्षणे, १८४१ मध्ये स्थापन झालेली वेधशाळा, १८७२ च्या उद्रेकातही ती न सोडणारा लुईजी पाल्मिएरी हे त्यातील ठळक टप्पे होत. १८८० मध्ये डोंगरावर दोरखंडाने ओढली जाणारी रेल्वे सुरू झाली व तिच्यावर रचलेले ‘फुनिकुली फुनिकुला’ हे गाणे जगभर पोहोचले. मार्च १९४४ च्या उद्रेकात ही रेल्वे नष्ट झाली, सान सेबास्तियानो गावाचा मोठा भाग लाव्हाखाली गेला आणि जवळच्या तळावरील सुमारे ऐंशी अमेरिकी बॉम्बफेकी विमाने निकामी झाली.

वर्तमान

तेव्हापासून व्हेसुव्हियस शांत आहे, आणि याच शांततेत पायथ्याची वस्ती दाटत गेली. सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात २५ नगरपालिकांचे क्षेत्र येते व तेथे सुमारे सात लाख लोक राहतात. २००३ मध्ये प्रादेशिक शासनाने घर सोडून बाहेर जाणाऱ्या कुटुंबांना ३० हजार युरोपर्यंत साहाय्य देऊ केले. प्रतिसाद अत्यल्प मिळाला. याला केवळ बेफिकिरी म्हणणे अन्यायाचे होईल. घोसाने टांगून हिवाळ्यापर्यंत टिकविले जाणारे टोमॅटो, जर्दाळूच्या बागा, लाक्रिमा क्रिस्ती नावाचे मद्य, हे सारे याच राखेच्या मातीतून येते. शिवाय नेपल्सच्या परिसरात घर आणि रोजगार एकत्र मिळणे सोपे नाही.

सध्याच्या आपत्कालीन योजनेनुसार धोक्याची घोषणा झाल्यापासून ७२ तासांत संपूर्ण पट्टा रिकामा करावयाचा असून प्रत्येक नगरपालिकेतील रहिवाशांसाठी इटलीतील एकेक प्रदेश नेमून देण्यात आला आहे. डोंगर किमान तीन दिवस आधी निःसंदिग्ध इशारा देईल, हे या योजनेचे गृहीत आहे. पोर्तिचीच्या शिलालेखाचेही तेच होते.