चेतक: इंजिन की पत्रा?

हिंजवडीच्या आयटी पार्कात नोकरी करणाऱ्या एखाद्या घरात वडिलांची बजाज चेतक अजून असली आणि तिचं इंजिन जॅम झालं, की प्रश्न येतोच: दुसरं इंजिन बसवलं तर ती वडिलांचीच गाडी राहते का? माझ्या मते राहते. पुरावा तिच्या घडणीतच आहे. पियाजिओशी असलेला बजाजचा करार १९७१मध्ये संपला, १९७२मध्ये चेतक आली. ठेवण मात्र व्हेस्पाचीच राहिली. तिला वेगळी चौकट नाही, पत्र्याचं अंग हीच चौकट. उजव्या फुगीर झाकणाखालचं टू-स्ट्रोक इंजिन एका लांब बोल्टवर टांगलेलं असतं. तो बोल्ट, मागचा शॉकॲबसॉर्बर, केबली आणि वायरी सोडवल्या की ते चाकासकट खाली येतं. नव्या स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायच्या काळात सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकणं ही हौस नव्हे, गरज होती.

आरसी बुकातला इंजिन नंबर बदलतो, मग मूळपण कसलं? म्हणूनच आधी बोअर. केसिंगच तडकलं असेल तर दुसरं इंजिन, आणि आरटीओत रीतसर नोंद. चॅसी नंबर तोच राहतो. धुराचा आक्षेप जास्त वजनदार. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं, त्यामुळे ही गाडी रोज वाकडच्या गर्दीत काढावी असं मी म्हणणार नाही. खुद्द बजाजने २०१९मध्ये चेतक हे नाव विजेच्या स्कूटरला दिलं! खर्चाआधी फूटबोर्डखालचा पत्रा तेवढा टोचून पाहावा. स्क्रूड्रायव्हर आरपार गेला, तर नवं इंजिन टांगायचं कशाला?