पायाखालचा साग

कोकणातल्या आमच्या मोहल्ल्यांतली जुनी घरे आठवली, की आधी आठवतो तो माडीवरचा आवाज. खाली माजघरात बसले असता वर कोण चालते आहे, हे पावलांवरून ओळखता येई. वडीलधाऱ्यांच्या जड पावलाला एक फळी नेमाने करकरायची. पोरांच्या धावण्याने सगळी तक्तपोशी वाजायची. आज त्यांतली पुष्कळ घरे पाडली गेली, काहींच्या माड्यांवर स्लॅब पडला. इतिहास लिहिताना आपण तख्तांचा हिशेब ठेवतो. तक्तपोशीचा कोण ठेवणार?

हा शब्दही फारसीतून आलेला. तख्ता म्हणजे फळी, पोशी म्हणजे आच्छादन. शब्द समुद्रापलीकडून आला, तसे पुढे लाकूडही आले. सुरुवातीला साग पश्चिम किनाऱ्यावरचाच होता. मुंबईच्या गोदीत वाडिया सुतारांनी त्याची जहाजे बांधली. १८१७ साली तिथे पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये अजून तरंगते आहे. जहाजांसाठी एवढी तोड झाली, की मलबारच्या जंगलांवर इंग्रजांना १८०६ मध्येच अधिकारी नेमावा लागला होता. मग त्यांची नजर ब्रह्मदेशाकडे वळली. १८५२ मध्ये पेगू त्यांच्या ताब्यात आले. १८६३ मध्ये मुंबईत बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कंपनी उभी राहिली आणि बर्मी साग मुंबईच्या वखारींत येऊ लागला.

तिथली तोडण्याची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. ओला साग पाण्यात बुडतो. म्हणून झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि वरचे लाकूड गोल कापून झाड उभ्याउभ्या मरू देत. दोन-तीन वर्षे ते तसेच वाळे. मग तोडून हत्तींनी ओढायचे आणि नदीत सोडायचे. म्हणजे वखारीत येण्याआधीच या लाकडाने बरेच पाणी टाकलेले असे.

याच ओंडक्यांच्या हिशेबावरून एक राज्य गेले. कंपनीने ठरल्यापेक्षा जास्त लाकूड नेले, असे म्हणून १८८५ मध्ये थिबा राजाच्या दरबाराने तिला मोठा दंड केला. इंग्रजांना युद्धाला निमित्त हवेच होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मंडाले पडले. राजाला आणून ठेवले ते आमच्या रत्नागिरीत. तिथला वाडा १९१० मध्ये पुरा झाला आणि १९१६ मध्ये राजा तिथेच वारला. वाड्याच्या खिडक्यांवरचे कोरीव लाकूडकाम आपण कौतुकाने पाहतो. पण फळीसाठी तख्त गमावलेला राजा आपल्या शेजारी राहून गेला, हे आपल्या किती घरांत सांगितले जाते?

साग चांगला म्हणून तो कुठेही, कसाही घालावा असे नव्हते. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांतच. जांभ्याचे जोते ओल धरून ठेवते, म्हणून खाली सारवण किंवा फरशी आणि लाकूड फक्त वर, जिथे दोन्ही अंगांनी वारा लागेल.

लाकूड लांबीत फारसे बदलत नाही, रुंदीत बदलते. हवेतली आर्द्रता ५० टक्के असता लाकडात सुमारे ९ टक्के पाणी राहते. ८५ टक्क्यांना ते १७ टक्क्यांच्या आसपास जाते. सहा इंची सागाची फळी तेवढ्यात दोनेक मिलिमीटर फुगू शकते. बारा फुटांच्या खोलीत अशा २४ फळ्या. म्हणजे सगळे मिळून जवळजवळ दोन इंच! मे महिन्यात फळ्या घट्ट ठोकल्या, तर श्रावणात जमीन मधून उचलली जाणारच. भर पावसात ठोकल्या, तर उन्हाळ्यात फटी पडणार. म्हणून फळ्या आधी त्याच खोलीत पट्ट्यांवर रचून मुरू द्याव्यात, पाऊस सरून हवा मधली झाली की बसवाव्यात आणि भिंतीलगत जागा मोकळी ठेवावी. तुळईचे टोक भिंतीत जिथे शिरते तिथे वारा खेळता ठेवावा, कारण कूज बहुधा तिथूनच सुरू होते.

निगा म्हणाल तर फार नव्हती, पण रोजची होती. कोरड्या फडक्याने पुसायचे. वजूचे पाणी खालीच ठेवायचे. ओल्या पायांनी माडीवर आले की बोलणी बसत. पावसात कौल सरकले तर त्याच दिवशी बसवायचे. उघडीप मिळाली की खिडक्या उघडायच्या, सतरंज्या उचलून झटकायच्या.

आमच्या घराचे काय झाले, तेही सांगायला हवे. १९७० नंतर मोहल्ल्यातले पुरुष आखातात गेले, तसे आमच्याकडचेही. पैसा आला, घराला रंग लागला. माडी झिजू नये म्हणून आम्हीच हौसेने तिच्यावर प्लास्टिकचे जाजम अंथरले आणि घराला कुलूप घातले. चार पावसाळ्यांनी उघडले तेव्हा जाजम नव्यासारखे होते. उचलले तर खाली भिंतीकडच्या फळ्यांत बोट शिरत होते. वाळवी सागाला सहसा शिवत नाही, पण कोंडलेली ओल त्यालाही सोडत नाही. घर जपण्यासाठी केलेल्या उपायानेच माडी गेली. रिकाम्या खोलीत आम्ही कितीतरी वेळ उभे होतो. कोणाला दोष द्यायचा?

शंभर वर्षे ती जमीन टिकली, ती काही निव्वळ सागाच्या गुणाने नव्हे. घरात माणसे होती, खिडक्या उघडणारे हात होते, म्हणून टिकली. आता परत येणारी तरुण मंडळी दुरुस्ती काढतात तेव्हा पहिला सल्ला मिळतो तो फळ्या काढून स्लॅब टाकण्याचा. स्लॅब टाकू नये असे आम्ही म्हणत नाही. मात्र त्याआधी एकदा फळी उलटी करून पाहा, तुळईची टोके तपासा, गावातल्या म्हाताऱ्या सुताराला बोलवा. बरेचदा चार-सहा फळ्या बदलून काम भागते. आणि काढायच्याच असतील, तर त्या कुठून आल्या, कोणी बसवल्या, एवढे तरी घरच्या वहीत लिहून ठेवा. आमच्या वहीत ते पान कोरेच राहिले आहे.