शिवनेरीवरची दुमजली वास्तू

निरगुडसरहून निघालेली मंडळी मंचर, नारायणगाव करीत जुन्नरला पोचतात, सात दरवाजे ओलांडून शिवनेरीवर जातात, शिवजन्मस्थानाच्या दुमजली इमारतीत डोके टेकवतात आणि परत फिरतात. दर्शन होते खरे. पण इतिहास पाहायचा राहूनच जातो. तेव्हा वाचकहो, आज ती वास्तू जरा सावकाश पाहू या.

तळमजल्यावरची ती खोली लहानशीच आहे. तिथला पाळणा आठवणीसाठी मांडलेला. याच जागी शके 1551, फाल्गुन वद्य तृतीयेला, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630 रोजी शिवाजीमहाराज जन्मले. जेधे शकावलीतली ही तिथी लोकमान्य टिळकांनी 1916 साली प्रसिद्ध केली.

पण जिजाऊसाहेब या गडावर का होत्या? काळच तसा होता. जुलै 1629 मध्ये त्यांचे वडील लखुजी जाधवराव देवगिरीला निजामशहाच्या दरबारात मारले गेले. शहाजीराजे मोहिमांच्या धामधुमीत. पुढे 1630 पासून दख्खनवर भयंकर दुष्काळ कोसळला. अशा वेळी कडा हवा, धान्य हवे, पाणी हवे. म्हणून इमारतीतून बाहेर या आणि समोरचा बदामी तलाव पाहा. खडकात खोदलेली गंगा-जमुना टाकी पाहा, धान्याचा अंबरखाना पाहा. खोलीने बाळाला निवारा दिला. जगवले ते या टाक्यांनी आणि कोठारांनी.

आता एक चुटपुट लावणारी गोष्ट. 1636 च्या तहानंतर हा गड मोगलांकडे गेला. महाराजांनी 1657 मध्ये जुन्नरवर छापा घातला, 1673 मध्ये गडासाठी प्रयत्न केला, तो फसला. शेकडो किल्ले बाळगणाऱ्या राजाला आपले जन्मघर काही परत मिळाले नाही. मराठ्यांकडे तो आला अठराव्या शतकात आणि 1818 मध्ये इंग्रजांकडे गेला. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा म्हणून नोंदले. त्यात शिवनेरी आहे.

गुरुजी, सहल नेलीत तर मुलांना पाळण्यापाशी उभे कराच. मग टाक्यांपाशी न्या आणि विचारा, “बाळांनो, दुष्काळात हे पाणी नसते, तर?” उत्तर त्यांनाच शोधू द्या. निरगुडसरच्या शेतकऱ्याच्या पोराला ते सांगावे लागणार नाही.